‘तुमचा फोन इंटरनेटवर टाकला’ म्हणणाऱ्या मेसेजला डिचोलीहून उत्तर

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. वाड्याच्या, देवस्थानच्या, शाळेतल्या जुन्या दोस्तांच्या आणि शेवटी घरच्या. थोडक्यात मजकूर असा: ‘तांब्याच्या तारा काढून तुमचा लँडलाइन गुपचूप इंटरनेटवर टाकतायत. आता प्रत्येक कॉलला तुमचा डेटा कापला जाणार. तुमचं बोलणं कुणीही ऐकू शकणार. इंटरनेटवरून फोन करणं मुळात बेकायदा आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट बोलता येतं, तर लँडलाइनला पैसे कशाला? आजच लाइन बंद करा.’

इंटरनेटवरचा फोन बेकायदा, पण व्हॉट्सअ‍ॅप चालेल! लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज एकदा वाचला असता तरी बरं झालं असतं.

मी गोव्यात, डिचोलीत एसटीडी बूथ चालवत होतो, आता घरोघरी फायबर, म्हणजे तांब्याऐवजी काचेच्या धाग्याची लाइन, जोडून देतो. म्हणजे या धंद्यावर माझं पोट आहे, हे आधीच सांगून टाकतो.

डेटा कापला जाण्यापासून सुरुवात करू, कारण लोक सगळ्यात जास्त त्यालाच घाबरलेत. हातातला मोबाइल घ्या, मोबाइल डेटा बंद करा आणि कुणालाही साधा फोन लावा. लागतो ना? वर कोपऱ्यात ‘व्होएलटीई’ही दिसतं. म्हणजे तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे, ज्यांना आम्ही पाकिटं म्हणतो, डेटाच्याच पद्धतीने चाललेत, आणि तरी तुमच्या पॅकमधून काही गेलेलं नाही. जिओने ५ सप्टेंबर २०१६ला सेवा सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नव्हतंच. पहिल्या दिवसापासून प्रत्येक कॉल असाच जायचा. तेव्हा ‘गुपचूप’ काही आत्ता झालेलं नाही, वर्षानुवर्षं आपण सगळे असेच बोलतोय.

घोटाळा होतो तो इथे. डेटाची पद्धत वापरणं वेगळं आणि उघड्या इंटरनेटवर जाणं वेगळं. पणजी-म्हापसा रस्त्यावर कदंबाची शटल धावते आणि पर्यटकांची भाड्याची स्कूटरही. डांबर तेच. पण शटलचं तिकीट आधी काढलेलं असतं आणि मध्ये हात दाखवला तर ती थांबत नाही. कंपनीच्या जाळ्यात आवाजाची पाकिटं अशीच शटलने जातात. त्यांना राखीव जागा असते, कारण आवाजाला थांबून चालत नाही. एका बाजूचं बोलणं दुसरीकडे पोचायला साधारण १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले, की दोघं एकमेकांवर बोलायला लागतात. व्हिडिओ दोन सेकंद अडकला तर आपण वाट बघतो, ‘हॅलो, हॅलो’ म्हणत मात्र किती वेळ बसणार?

आणि आवाजाला लागतं तरी किती? जुन्या पद्धतीचा पूर्ण दर्जाचा आवाज सेकंदाला ६४ किलोबिट. प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहिण्याचा खर्च धरला तर ८०च्या आसपास. घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर त्याचा हजारावा भागही नाही. मुलं आतल्या खोलीत क्रिकेट बघतायत म्हणून आजोबांचा फोन तुटत असेल, तर दोष जोडणीत शोधा.

हा ६४चा आकडाही इंटरनेटवाल्यांनी आणलेला नाही. सेकंदाला ८००० वेळा आवाज मोजायचा आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहायचं, हे एक्सचेंजमध्ये कधीचंच चालू होतं. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं ग्रामीण डिजिटल एक्सचेंज १९८६मध्ये आपल्या शेजारी, बेळगावच्या पलीकडे कित्तूरला बसलं. तेव्हापासून गावोगावचे आवाज आकडे होऊनच जाऊ लागले. ‘खरा आवाज’ फक्त तुमच्या घरापासून एक्सचेंजपर्यंत जायचा.

कुणीही ऐकू शकतं म्हणे! तांब्याची लाइन ऐकायला काय लागायचं ते मी पाहिलंय: खांबावरचा डबा उघडायचा, टेस्ट फोनच्या दोन क्लिपा दोन तारांना लावायच्या. बस. फायबरमध्ये एकाच धाग्यावरचा उजेड ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो हे खरं, पण प्रत्येक घराची माहिती वेगळ्या किल्लीने कुलूपबंद करायची सोय त्या पद्धतीतच आहे. सरकारी आदेश आला तर कंपनीला ऐकवावं लागतं. ते तेव्हाही होतं, आताही आहे.

बेकायदा वगैरेही काही नाही. इंटरनेट टेलिफोनीला देशात १ एप्रिल २००२ला परवानगी मिळाली, तीही बऱ्याच अटींसह: बाहेरदेशी फोन करा, पण देशातल्या साध्या नंबरवर नको. २०१८मध्ये ती अडचणही गेली.

आता व्हॉट्सअ‍ॅप. आपल्याकडे घराआड एक माणूस आखातात, त्यामुळे हे मी सांगायला नको. दुबईतला मुलगा साध्या व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर भेटत नाही; तिथे ती सोय अडवलेली असते, परवाना असलेलं अ‍ॅप घ्यावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून १०८ची अँब्युलन्स बोलावता येत नाही, ११२ लागत नाही. आपला ०८३२चा लँडलाइन नंबर मात्र जगातल्या कुठल्याही फोनवरून लागतो, समोरच्याकडे कुठलं अ‍ॅप आहे हे विचारावं लागत नाही.

इतकं सगळं लिहिलं, पण खरी तक्रार करण्यासारखी गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच.

माझी आत्या वाळपईच्या बाजूला राहते. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, बांधून होत आली होती, तेवढ्यात लाइट गेली. मुलाचा फोन यायचा होता. तिने रिसीव्हर उचलला तर मुका. चिऱ्याच्या जाड भिंतीआड मोबाइलला रेंज नाही, आणि वायफायवरून कॉल लागायचा तर वायफायही लाइटबरोबर गेलेलं. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा हातावर पातोळी ठेवण्याआधी तिने ऐकवलं, ‘अरे, पूर्वी लाइट गेली तरी टोन जायचा नाही. हे कसलं तुझं फायबर?’ तिचं बरोबर होतं. जोडणारा मी नव्हतो, पण मी असतो तरी हे आधी सांगितलं असतं का, देव जाणे.

तांब्याच्या तारेतून नुसता आवाज येत नव्हता, एक्सचेंजच्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्ट वीजही यायची. (नेमकी रिंग वाजताना उघड्या तारेला हात लागला की लाइनमनला कळायचं.) काचेच्या धाग्यातून वीज येत नाही. फायबर ज्याला जोडलेलं असतं तो घरातला डबा घरच्याच विजेवर चालतो. मे २०२१मध्ये तौक्ते वादळात कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती, तेव्हा हा फरक सगळ्यांनाच भोवला. तांब्याला देवपण द्यायचं कारण नाही. पावसाळ्यात जॉइंटात पाणी शिरलं की महिनाभर खरखर ऐकावी लागायची, आणि वीज कडाडली की तारेवाटे येऊन मोडेम जाळायची. फायबरने ते दुखणं घालवलं. पण लाइट गेल्यावरचा फोन नेला, आणि ते सांगणं जोडणाऱ्याचं काम होतं.

म्हणून लाइन बंद करण्याऐवजी एवढं करा. डब्याच्या अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, बहुतेक १२ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्या अँपिअरचा मिनी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर डबा चालू ठेवणारी छोटी बॅटरी, घ्या. कॉर्डलेस फोन असेल तर त्याचा तळही विजेवरच चालतो, तेव्हा जुना वायरवाला फोन फेकू नका. आणि जोडणाऱ्याला विचारा, एक्सचेंज ते घर यात वाटेत विजेवर चालणारा एखादा डबा आहे का? काही ठिकाणी तो कुणाच्या तरी व्हरांड्यात असतो, आणि त्या घरची लाइट गेली की तुमचा यूपीएस असून उपयोग नाही.

आत्याकडचा यूपीएस टीव्हीच्या मागे, जुन्या डिरेक्टरीवर ठेवलाय. गेल्या आठवड्यात लाइट गेली तेव्हा तिने मला मुद्दाम लँडलाइनवरून फोन लावला, आणि लाइट येईपर्यंत काही ठेवला नाही.