ब्रेकबद्दल दोनच ओळी का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी मी घरीच दुरुस्त केली, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. तुम्ही लिहिलंय, "पद्मिनीच्या रंगावर पानंच्या पानं, इंजिन सुरू झाल्याचा व्हिडिओ, आणि ब्रेकवर दोन ओळी. पोरं हे वाचून अंगणात गाड्या खोलून बसतील. आधी थांबवता आली पाहिजे, मग चालवायची. ब्रेक मेकॅनिककडेच द्यायचे." त्यात तुमची हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपातली तीस वर्षं. नुसतं 'धन्यवाद' लिहून सुटता येणार नाही.

इंजिन आधी का, ते सांगतो. १९८३ ची गाडी, अकरा वर्षं धंतोलीत मामांच्या आंब्याखाली उभी. १०८९ सीसीचं ते इंजिन जाम निघालं असतं तर गाडी भंगारात गेली असती, ब्रेकवर एक पैसा घातला नसता. म्हणून चारही प्लग काढून भोकांत थोडं थोडं ऑइल सोडलं, दोन दिवस थांबलो आणि स्टार्टरला हात न लावता पान्याने पुली फिरवली. फिरली. टाकीतलं पेट्रोल वार्निशसारखं वास मारत होतं, म्हणून बाटलीतून ताजं दिलं. हा क्रम मला अजूनही बरोबर वाटतो. इथे आपलं जमणार नाही.

ब्रेकचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. माझ्या दोन ओळी अशा होत्या: "मास्टर सिलेंडरचं किट बदललं. ब्रेक ओके." (मास्टर सिलेंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो; किट म्हणजे त्याच्या आतले रबरी कप वगैरे.) या दोन ओळींच्या मधलं मी गाळलं, कारण लाज वाटली.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. सिलेंडर खोलला तर आत चहाच्या गाळासारखा चिखल, आणि भिंतीला खड्डे. नख फिरवलं तर अडकत होतं. तो तिथेच फेकायला हवा होता. मी काहीशे रुपये वाचवायला बारीक पॉलिश पेपर मारला आणि नवं किट टाकलं. बायको पेडलवर, मी मागच्या डाव्या चाकाशी आडवा. "दाब, धर, सोड" करत चारही चाकांच्या ब्रेक पाइपांतली हवा काढली. पेडल दगडासारखं झालं. म्हणून 'ब्रेक ओके'.

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकाबाहेर काढायची होती. आमच्या अंगणाला फाटकाकडे उतार. मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो, शेजारचा पोरगा फाटक उघडायला गेला. आणि पायाखालचं पेडल गुपचूप खाली जायला लागलं. बाहेर ऑइलचा थेंब नाही. खड्ड्यांमधून ते रबरी कपाच्या बाजूने आतल्या आतच मागे जात होतं. माझ्या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच, कप हरला की चारही चाकं मोकळी. हँडब्रेकची केबल अजून जोडायची होती. गाडी मागे सरकली आणि वाटेतल्या तुळशीवृंदावनाला टेकली. वृंदावनाचा कोपरा उडाला, बंपर वाकला. पोरगा तिथून पाच फुटांवर होता. आई ओसरीवर येऊन म्हणाली, "काहून रे, ब्रेकच नाही काय तिले?"

मग मास्टर सिलेंडर नवा आणला, चारही चाकांचे सिलेंडर आणि होज पाइपही. आता गाडी हलवण्याआधी पेडल दोनदा धरून बघतो. एकदा जोरात, एकदा अगदी हलक्या पायाने, मिनिटभर. जोर दिला की कप भिंतीला घट्ट बसतो आणि ऑइलची चोरी लपते. हलक्या पायाखाली पेडल बसायला लागलं की समजायचं.

राहता राहिलं 'मेकॅनिककडेच द्या'. तो खड्ड्यांचा सिलेंडर मी एका मेकॅनिकला दाखवला होता. "किट टाका, चालते," हे त्याचंच वाक्य. ऐकणारा मी, त्यामुळे चूक माझीच.

पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडतोडणारे धातूचे तुकडे) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन का नाही बसवलं, असंही विचारलंय. पॉइंट रस्त्यात घासून पुन्हा बसवता येतात, एवढंच कारण. मे महिन्यात वर्धा रोडवर पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून उभं राहायची तयारी आहे, तिथे पॉइंटचं काय घेऊन बसलात. (पंप म्हणजे इंजिनावरचा, उन्हात तापून त्यात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते; नाहीतर कोणी तरी खरंच फडकं घेऊन पंपावर जाईल.)

त्या दोन ओळी आज काढतोय आणि त्यांच्या जागी वरचं सगळं टाकतोय, वृंदावनाच्या फोटोसकट. एक विचारायचं होतं. ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढते. पुढचे ड्रम लेथवर घासून सारखे करून घेऊ, की नवे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) आधी बसू देऊ? आणि कृपा करून 'मेकॅनिककडे न्या' म्हणू नका.