गुटगुटीत बाळालाही डांग्या खोकला सोडत नाही

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. डांग्या खोकला शंभर दिवसांनी आपोआप जातो, अंगावर पिणाऱ्या गुटगुटीत बाळाला त्याची भीती नाही, ‘हूप’ आवाज येत नसेल तर तो डांग्या नव्हेच, आणि मधातून हळद चाटवली की काम झालं. खाली नमस्कारांची रांग.

शंभर दिवसांचं म्हणणं मोठ्या मुलांपुरतं बरंचसं खरं. तान्ह्याचं तसं नाही. इथे वजनाआधी वय बघायचं. या खोकल्याने दगावणाऱ्यांत बहुतेक बाळं तीन महिन्यांच्या आतली असतात. त्यात बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, लस झालेली नसेल तर धोका आणखी वाढतो. सोबत न्यूमोनिया झाला किंवा रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर वाढल्या, तर डॉक्टरही धास्तावतात. आईचं दूध हवंच, पण ते लशीची जागा घेत नाही.

आवाजाचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. उबळ संपल्यावर जोरात श्वास ओढताना ‘हूप’ होतं. तान्ह्यात तेवढा जोर कुठून येणार? काही बाळं तर फारशी खोकतही नाहीत. मध्येच श्वास थांबतो, ओठ निळे पडतात. असं दिसलं की तडक हॉस्पिटल गाठायचं, आवाजाची वाट बघायची नाही.

मधाबद्दल एवढंच: वर्षाच्या आत मध नाही. त्यातून बॉट्युलिझम (जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार) होऊ शकतो.

मेसेजमध्ये जे नाहीच, ते आता. बारसं बाराव्या दिवशी, डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात. म्हणजे ‘ॲलर्जीचा आहे हो’ म्हणत खोकणारे काका बाळाला मांडीवर घेतात, तेव्हा बाळाला डांग्या खोकल्यावरच्या लशीचा एक थेंबही मिळालेला नसतो. काकांच्या लहानपणच्या लशीचा जोर कधीच ओसरलेला. डांग्या होऊन गेलेल्यालाही तो पुन्हा होऊ शकतो. म्हणून गरोदरपणी 27 ते 36 आठवड्यांत आईने टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्यावरची लस) घ्यावी, तिची प्रतिपिंडं बाळाला मिळतात. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला देतात ती टीडी. तिच्यात डांग्या खोकल्यावरचा भाग नसतो. नावं सारखी वाटतात, म्हणून विचारून घ्या.

रविवारी आमच्याकडे भाचीचं बारसं आहे. खोकणाऱ्यांना घुगऱ्या दारातच मिळतील.