बोकडाचा वास म्हणजे घाण नव्हे

धाराशिव-लातूरकडच्या शेळीपालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: बोकडाला वास येतो तो अस्वच्छतेमुळं आणि जंतूंमुळं, त्याला रोज जंतुनाशक साबणानं धुवा, म्हणजे शेळ्या लवकर गाभण राहतील, करडूही जन्मल्याबरोबर स्वच्छ धुऊन मगच आईजवळ सोडा. ज्या घरांत उस्मानाबादी शेळ्यांवर किराणा आणि पोरांची फी भागते, त्यांना हा सल्ला महागात पडेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी घाणीचं. एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर पैदाशीचा बोकड आणि खच्ची केलेला बोकड असतील, तर दोघांच्या अंगाला लेंड्या-मूत सारखंच लागतं. तरी तो उग्र दर्प पैदाशीच्याच बोकडाला येतो. फरक टेस्टोस्टेरॉनचा आहे. त्याच्या प्रभावानं बोकडाच्या डोक्याच्या आणि मानेच्या कातडीतून वासाची द्रव्यं सुटतात. शिवाय पैदाशीच्या दिवसांत तो स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो. हा त्याचा स्वभावच आहे, साबणानं जाणारा नाही.

दुसरा दावा, वास गेला की शेळ्या लवकर गाभण राहतात. इथं मेसेज नेमका उलट बोलतो. 2014 साली टोकियोच्या संशोधकांनी बोकडांच्या डोक्यावर खास टोप्या बसवल्या, केसांतून सुटणारा वास त्यांत गोळा केला आणि शेळ्यांना हुंगवला. शेळ्यांच्या मेंदूत प्रजननाची सूत्रं हलवणारं एक केंद्र असतं. त्याची विद्युत हालचाल ते मोजत होते. वास पोचताच केंद्र जागं झालं. त्यामागचा एक महत्त्वाचा घटकही सापडला, 4-एथिलऑक्टॅनाल. हे द्रव्य खच्ची बोकडात मिळालं नाही. त्याचा स्वतःचा वास लिंबूवर्गीय फळांसारखा असतो. हवेत त्याचं आम्ल झालं की आपल्याला ओळखीचा तो बोकडवास येतो. हा परिणाम ठळक दिसतो तो ठराविक हंगामातच माजावर येणाऱ्या, माज थांबलेल्या शेळ्यांत. उस्मानाबादी बारमाही माजावर येते, त्यामुळं तिच्यात तो तितका नजरेत भरणार नाही. पण वास धुऊन टाकल्यानं गाभण राहणं वाढेल, हे म्हणायला आधार काहीच नाही.

बोकडही शेळीचा वास वाचतो. तिचं मूत हुंगून मान उंचावून वरचा ओठ दुमडतो, तेव्हा तो वास टाळूवरच्या एका खास इंद्रियाकडं ओढत असतो. ती माजावर आहे का, हे त्याला त्यातून कळतं.

तिसरा दावा, जंतू म्हणजे घाण. सस्तन प्राण्यांचा बराचसा वास जंतूच तयार करतात, आणि त्या प्राण्यांचं त्यावाचून अडतं. केनियातल्या तरसांवरचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडं दिसणारं पट्ट्यांचं तरसही त्यात होतं. शेपटीखालच्या पिशवीतले जीवाणू वासाची आम्लं बनवतात, आणि दोन जातींच्या तरसांत ते जीवाणू वेगवेगळे निघाले. ठिपक्यांच्या तरसात तर नर, मादी आणि गाभण मादी यांच्यातही फरक होता.

वासात जंतूंबरोबर जनुकाचाही वाटा असतो, तो उंदरात स्पष्ट दिसतो. खाण्यातल्या कोलीनपासून आतड्यातले जीवाणू ट्रायमिथाइलअमीन हे वासाचं द्रव्य करतात. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचा वास मारतं. नर उंदरात वयात आल्यावर या विकराचं जनुक मंदावतं आणि मुतात वास साठतो. उंदरांना तो ओढतो, घुशीसारख्या मोठ्या उंदरांना नकोसा होतो. माणसात हेच जनुक जन्मतः बिघडलेलं असेल तर घामाला माशासारखा वास येतो, रोज दोनदा आंघोळ केली तरी. अशा मुलीला वर्गात ‘घाणेरडी’ म्हणणं क्रूरपणाचं आहे, आणि असले मेसेज त्याला खतपाणी घालतात.

करडू धुण्याचा सल्ला सगळ्यात घातक. शेळी व्याली की ओलं करडू चाटते आणि त्याच वेळी त्याचा वास मनात पक्का करते. 1964 साली अमेरिकेत पीटर क्लॉप्फर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जन्मानंतर पाचेक मिनिटं करडू आईजवळ राहिलं तर ती पुढं त्याला स्वीकारते. लगेच दूर नेऊन तासाभरानं आणलं तर पुष्कळ आया त्याला झिडकारतात. मेलेल्या करडाच्या आईला दुसरं करडू लावताना जुनी माणसं त्याला वारेचं पाणी चोळतात, ते याचसाठी. नाकातोंडातला चिकटा तेवढा पुसा आणि करडू ओलंच आईच्या तोंडापुढं ठेवा.

स्वच्छता हवी तिथं हवीच. धार काढताना बोकड जवळ नको, दुधाला वास धरतो. सड धुवा, गोठा कोरडा ठेवा, करडाच्या नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, तासाभरात चीक पाजा. आणि एप्रिल-मे मध्ये टँकरचं पाणी बोकडाच्या आंघोळीत घालवण्यापेक्षा शेळ्यांना प्यायला ठेवा.