तडजोड कसली? गाडीच माझी नव्हती!

गेल्या शनिवारी राष्ट्रीय लोकअदालतीत, न केलेल्या गुन्ह्याचे पाचशे रुपये भरून मी घरी आलो, तेव्हापासून डोक्यात जी तिडीक गेली आहे ती अजून उतरलेली नाही. प्रलंबित चलन तडजोडीने मिटवा, नाहीतर खटला दाखल होईल, असा तो धमकीवजा संदेश तुम्हालाही आलाच असेल. माझ्या चलनावरच्या छायाचित्रात दोन विनाहेल्मेट तरुणांना घेऊन निघालेली लाल मोटारसायकल आहे. माझ्याकडे करड्या रंगाची स्कूटर आहे. त्या लाल गाडीच्या पाटीवरील इंग्रजी तीनाची उघडी बाजू चिखलाने बुजली होती, त्यामुळे तीनाचा आठ झाला आणि तो आठ माझ्या नावावर चढला. ऑनलाइन तक्रार तीनदा केली. तिसऱ्यांदा ती परस्पर ‘निकाली’ निघाली.

सकाळी साडेदहापासून मी पुकाऱ्याची वाट पाहत जिन्यात उभा होतो. रांगेतला जो तो ‘किती कमी करतात?’ एवढेच विचारत होता, कारण तिथे येणारा प्रत्येक जण गुन्हेगारच असतो आणि प्रश्न फक्त रकमेचा असतो, हे सर्वांनी गृहीत धरलेले होते. दुपारी एकच्या सुमारास माझे नाव आले. टेबलामागच्या कारकुनाने छायाचित्राकडे न पाहताच विचारले, “गाडी तुमचीच ना?” मी म्हणालो, “नंबर माझा आहे, गाडी माझी नाही.” त्यावर तो म्हणाला, “मग विकली का?” मी मोबाइल पुढे केला, लाल रंग दाखवला, नोंदणीपुस्तकावरचा करडा रंग दाखवला. त्याने खुर्चीत रेलून मला समजावले, “काका, मान्य नसेल तर तसं लिहून द्या, रीतसर केस चालेल, तारखा पडतील. पाचशेच तर आहेत.”

पाचशेच तर आहेत! प्रश्न पाचशेचा असता तर मी अर्ध्या दिवसाची रजा कशाला टाकली असती? जो गुन्हा कबूल करतो त्याच्यासाठी टेबल, खुर्ची, पावती सगळे सज्ज असते. ‘मी केलेच नाही’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला मात्र तारखा येतात. शिवाय सेहेचाळिसाव्या वर्षी मला काका म्हणण्याचा अधिकार त्या टक्कल पडलेल्या गृहस्थाला कोणी दिला? माझे पेनही त्याने सहीसाठी घेतले ते परत दिले नाही.

त्याच न्यायालयाच्या फाटकाबाहेर पदपथावर गाड्यांची दुहेरी रांग लागलेली असते, त्यांतल्या निम्म्या गाड्यांच्या काचेवर वकिली किंवा पोलिसी चिकटपट्ट्या असतात. ४१४१ चा ‘दादा’ करून गावभर हिंडणारी पाटी कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. गेल्या वर्षी मात्र औषधाच्या दुकानासमोर दोन मिनिटे लावलेली माझी स्कूटर उचलून नेली होती, आणि ‘नो पार्किंग’ची पाटी कुठे आहे म्हणून विचारले तेव्हा आंब्याच्या फांदीमागे बोट दाखवण्यात आले होते.

खरे सांगायचे तर मीही काही कमी नाही. आदल्या रात्री मी तीन पानी निवेदन लिहिले होते, त्यात मोटार वाहन कायद्याची कलमे अधोरेखित केली होती, आणि आरशासमोर उभे राहून ‘महोदय, ही न्यायाची थट्टा आहे’ हे वाक्य योग्य त्या ठिकाणी थांबून म्हणण्याचा सरावही केला होता. प्रत्यक्षात न्यायाधीशांनी नजर वर करून “भरताय ना?” असे विचारले, तेव्हा माझ्या तोंडून “हो साहेब” एवढेच बाहेर पडले. ती तीन पाने खिशातच घडी होऊन राहिली, आणि जिना उतरताना त्यांच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर मी पावतीचा क्रमांक टिपला.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणजे आता कायद्याच्या लेखी ती लाल मोटारसायकल मीच चालवत होतो. रात्री ॲप उघडले, तर त्याच छायाचित्रावर मागे बसलेल्याच्या हेल्मेटचे आणखी पाचशेचे वेगळे चलन माझ्या नावावर तसेच उभे आहे.