उचललेले

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरहून परतताना हीथ्रोवर मला बाजूला घेतलं. हातातल्या बॅगेत शेंगाचटणी, कडक भाकरीची दोन पाकिटं आणि आईनं कोंबलेली एक चादर. पाऊण तास प्रश्न. कुठं राहिलात, कुणाला भेटलात, फोन उघडा. ब्रिटनच्या २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याचं सातवं परिशिष्ट आहे. त्याखाली विमानतळावर चौकशी करायला संशयाचीही गरज लागत नाही, आणि उत्तर द्यायचं नाकारलं तर तोच गुन्हा. माझ्या पुढचे-मागचे गोरे केव्हाच टॅक्सीच्या रांगेत पोचले होते.

घरच्या ग्रुपवर सांगितल्यावर धुरळा उडाला. ‘आपण काय चोर हाय काय बे?’ चुलतभाऊ उसळला. काकांनी २००९ साली नेवार्कला अडवलेला शाहरुख खान काढला. मग त्याच वर्षी दिल्लीत विमानात चढताना झडती घेतलेले कलाम निघाले, आणि एरवी ‘शुभ सकाळ’च्या पलीकडं न जाणारे बाबाही चिडले.

तीन आठवड्यांनी जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत घरफोडी झाली. त्याच चुलतभावाचा मेसेज: ‘पारध्यांचंच काम. चौघांना उचललंय.’ खाली अंगठेच अंगठे. त्यातला एक माझा. कामावरून दमून आलो होतो, नीट वाचलं नाही, असं मी स्वतःला सांगत असतो.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला, तर म्हणाला, ‘अरे, करतातच की बे ते.’ हेच वाक्य, थोड्या सभ्य इंग्रजीत, माझ्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी हीथ्रोचा किस्सा ऐकून मला ऐकवलं होतं.

दुसऱ्या गावच्या माणसाचं मी समजू शकतो. सोलापूरकरानं तरी असं बोलू नये. १८७१च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. आपल्या गावात त्यांना तारेच्या कुंपणात, ‘सेटलमेंट’मध्ये ठेवलं. रोजची हजेरी, बाहेर जायचं तर पास, आणि गिरण्यांना हक्काचे मजूर. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, लोक ‘विमुक्त’ झाले. पण रिक्षावाल्याला अजून ‘सेटलमेंट’ एवढं सांगितलं की पुरतं. १९५९ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, म्हणजे पोलिसांच्या वहीत नुसतं पान उलटलं. आणि ‘भामटा’? ते जातीचं नाव आहे. आपण ते ठगाला वापरतो, मीही वापरलंय.

इंग्लंडचं कौतुक मला करायचं नाही. पण रस्त्यावर झडती घेतली तर १९८४च्या कायद्यानुसार पोलिसाला कारण सांगावं लागतं, नोंद करावी लागते, तिची प्रत मागता येते. नोंदीत वंशाचाही रकाना असतो. म्हणून तर कृष्णवर्णीयांच्या झडत्यांचं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे चौपट आहे, हे खुद्द सरकारी आकड्यांतून कळतं. कागदानं झडती थांबलेली नाही. भांडायला काहीतरी हातात राहतं, एवढंच.

आमच्या गल्लीमुळं उचललेल्या चौघांचा कागद कुठाय? सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ला, तुरुंगांतल्या जातिभेदाच्या निकालात, विमुक्तांना मनमानी अटक होऊ देऊ नका असं पोलिसांना बजावलं. पण ‘उचलणं’ म्हणजे अटक नव्हेच ना! ‘चौकशीला आणलं होतं, सोडलं’ म्हटलं की विषय संपला. त्यांची नावं आमच्या ग्रुपवर कुणाला माहीत नाहीत. माझं नाव हीथ्रोच्या त्या बाईंना तिसऱ्या मिनिटाला तरी उच्चारता येत होतं.

परवा ग्रुपवर विचारलं, त्या चौघांचं काय झालं?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चुलतभावाचं आलं: ‘सोडलं असंल. तू दिवाळीला येणार न्हवं? जाताना चटणी मोठ्या बॅगेत टाक बे, उगं पुन्हा धरतील.’