जुनं स्टार ट्रेक आशावादी, नवं नुसता अंधार? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल मनापासून थँक्यू. दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना म्हणून जरा ऐसपैस लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मागच्या लेखात मी 'काळ बदलला तसा टोन बदलला' म्हणून नव्या स्टार ट्रेक सिरीजचं (अंतराळातल्या जहाजांच्या गोष्टी सांगणाऱ्या त्या अमेरिकन मालिकांचं) सगळं पोटात घातलं, खरं तर जुनं स्टार ट्रेक आशेवर उभं होतं, आताच्या लोकांना ते कळलंच नाही म्हणून त्यांनी नुसती मारामारी आणि रडारड करून ठेवलीय, आणि स्टार ट्रेक निर्माण करणारे जीन रॉडेनबेरी असते तर हे होऊच दिलं नसतं.

आधी 'जुनं' म्हणजे कुठलं ते बघू. तुम्ही नाव घेतलंय ते दूरदर्शनवर लागायचं त्या कर्क-स्पॉकवाल्याचं, म्हणजे १९६६ ते ६९ चं. त्यातला 'अ प्रायव्हेट लिटल वॉर' हा एपिसोड आठवतोय का? फेब्रुवारी १९६८, अमेरिका व्हिएतनाममध्ये पुरती अडकलेली, आणि टीव्हीवर जहाजाचा कॅप्टन कर्क अशा ग्रहावर उतरतो जिथे शत्रूपक्षाचे क्लिंगॉन एका गटाला गुपचूप बंदुका पुरवतायत. कर्कचा मित्र टायरी दुसऱ्या गटाचा, जीव घ्यायला अजिबात तयार नसलेला माणूस. शेवटी त्याच्या बायकोला मारतात आणि तोच टायरी बंदुका मागायला लागतो, आणि कर्क त्या द्यायचं ठरवतो. जहाजाचा डॉक्टर मॅकॉय जीव तोडून भांडतो की असं केलं तर दोन्हीकडची माणसं मरतच राहतील, कर्क समतोल राखण्याचं कारण सांगतो पण ते त्याचं त्यालाच पटलेलं दिसत नाही, आणि थकल्या आवाजात वर बोलवून घ्या म्हणतो. संपलं. कुणी जिंकलं नाही, काही सुटलं नाही. ही सिरीज 'नुसती आशा' होती असं मला तरी म्हणता येणार नाही.

म्हणजे अंधार पहिल्यापासूनच होता. मग बदललं काय, कारण बदललंय हे तर तुम्हालाही जाणवतं आणि मलाही. माझं म्हणणं असंय की ट्रेकचा टोन ओळखायचा तर एकच गोष्ट बघायची, एखादा माणूस बरोबर बोलत असेल तर फेडरेशन, म्हणजे पृथ्वी आणि बाकी ग्रहांचा तो संघ, त्याचं ऐकतं का? साठच्या दशकात फेडरेशन लांब कुठेतरी होतं आणि तिथून कुणी जहाजावर आलाच तर बहुतेकदा डोक्याला ताप म्हणूनच यायचा, 'गॅलिलिओ सेव्हन'मधला कमिशनर घ्या नाहीतर 'अ टेस्ट ऑफ आर्मागेडन'मधला राजदूत. जी काही आशा होती ती त्या जहाजावरच्या कर्क, स्पॉक आणि मॅकॉय या तिघांवर होती.

१९८७ ला 'नेक्स्ट जनरेशन' आलं आणि ही आशा व्यवस्थेवर जाऊन बसली. तुम्हाला जे हवंहवंसं वाटतं ते बहुतेक हे आहे, आणि त्याचा सगळ्यात लख्ख नमुना म्हणजे १९८९ चा 'द मेझर ऑफ अ मॅन'. ब्रूस मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला डेटा, म्हणजे क्रूमधला यंत्रमानव अधिकारी, सुटा करून अभ्यासायचाय, डेटा नको म्हणतो, आणि न्यायाचं काम बघणारी कॅप्टन लूव्हॉ निकाल देऊन टाकते की डेटा स्टारफ्लीटची, म्हणजे फेडरेशनच्या ताफ्याची, मालमत्ता आहे, त्याला नको म्हणायचा हक्कच नाही. मग सुनावणी लागते. जहाजावरचा दुसऱ्या नंबरचा अधिकारी रायकर, त्याला स्वतःच्या मित्राविरुद्ध उभं राहावं लागतं आणि तो डेटाचा स्विच बंद करतो, डेटा तिथेच मान टाकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की झालं, हरलो. मधल्या ब्रेकमध्ये डेटाची बाजू मांडणारा कॅप्टन पिकार्ड जहाजावरचा बार चालवणाऱ्या गायननकडे जातो. ती आवाज न चढवता एवढंच सुचवते की असे हजारो डेटा बनवले, नको असलेली सगळी कामं त्यांच्याकडून करून घेतली, तर ते काय होईल? पिकार्डच्या लक्षात येतं की आपण गुलामगिरीबद्दल बोलतोय. तो परत जाऊन तेच मांडतो, आणि ज्या लूव्हॉनं आधी मालमत्ता म्हटलं होतं तीच म्हणते की याला निवडीचा हक्क आहे. व्यवस्था चुकली, कुणीतरी बोललं, व्यवस्थेनं ऐकलं, सगळं एका तासात.

एका तासात का, यालाही कारण आहे. ती सिरीज अमेरिकेत एकेका लोकल चॅनेलला परस्पर विकली जायची, कोण कधी कुठला एपिसोड लावेल आणि कुठला बघणाऱ्याच्या हातून निसटेल याचा नेम नसायचा, त्यामुळे गोष्ट त्या दिवशीच संपवून पाटी कोरी करायची. जखम उरायला जागाच नव्हती. माणसांना यंत्रं बनवणाऱ्या बोर्गनं पिकार्डला ताब्यात घेतलं तेव्हासुद्धा त्याला भावाजवळ चिखलात बसून रडायला एक एपिसोड मिळाला, आणि तोसुद्धा तेव्हा वेगळाच वाटला होता.

पुढे 'डीप स्पेस नाइन'. अंधाराची सुरुवात २०१७ च्या 'डिस्कव्हरी'पासून असं तुम्ही लिहिलंय म्हणून १९९८ च्या 'इन द पेल मूनलाइट'बद्दल बोलावंच लागेल. मोठं युद्ध चाललंय आणि अंतराळ स्थानकाचा प्रमुख सिस्को दर शुक्रवारी मेलेल्या-जखमी-बेपत्ता लोकांची यादी लावतोय. आतापर्यंत बाजूला राहिलेले रोम्युलन युद्धात आपल्या बाजूनं उतरल्याशिवाय निभाव लागणार नाही हे दिसतंय, म्हणून तो गॅरेक या माजी हेराला हाताशी धरून खोटा पुरावा बनवतो. रोम्युलन सिनेटर तो खोटेपणा पकडतो आणि ओरडतो की हे खोटं आहे, आणि मग गॅरेक त्याचं यानच उडवून देतो. रोम्युलन युद्धात उतरतात. सिस्को हे सगळं कॅमेऱ्यात बघून आपल्याला सांगतो, हातात ग्लास, आणि शेवटी कॉम्प्युटरला म्हणतो की हा लॉग पुसून टाक. यातलं सगळ्यात टोचणारं वाक्य मधे येऊन जातं आणि पटकन लक्षातही येत नाही, ते म्हणजे खोटा पुरावा बनवायच्या प्लॅनला स्टारफ्लीट कमांडची मंजुरी होती. इथे फेडरेशन ऐकतं, पण काय ऐकतं बघा! लूव्हॉचं स्टारफ्लीट आणि हे स्टारफ्लीट एकच आहे, मधे फक्त नऊ वर्षं गेलीत.

'एंटरप्राइझ'चं फार लांबवत नाही. अकरा सप्टेंबरनंतर तिसऱ्या सीझनमध्ये पृथ्वीवर हल्ला झालेला आणि कॅप्टन आर्चर कैद्याला एअरलॉकमध्ये कोंडून हवा काढून घेतो. ते त्या वर्षांच्या अमेरिकेतूनच आलं होतं, वेगळं समजवायची गरज नाही.

आता रॉडेनबेरींबद्दल. १९६६ मध्ये मॅकॉय आणि स्पॉक दर आठवड्याला एकमेकांना टोचून बोलत होते, आणि १९८७ मध्ये त्याच रॉडेनबेरींचा नियम होता की क्रूमध्ये आपसात भांडणं नकोत, रायटर लोक त्यानं वैतागायचे. ज्या 'रॅथ ऑफ खान' या १९८२ च्या सिनेमाला सगळे डोक्यावर घेतात त्या वेळी त्यांना सल्लागार म्हणून बाजूला बसवलेलं होतं आणि त्यातला लष्करी थाट त्यांना आवडला नव्हता. म्हणून 'ते असते तर' यावरून काही ठरवता येत नाही, कारण कुठले रॉडेनबेरी हा प्रश्न उरतोच.

आणि नव्या लोकांना मूळ कळलंच नाही हे तर मला अजिबात मान्य नाही. २०२० च्या 'पिकार्ड'चा दुसरा एपिसोड मंगळावर सुरू होतो. सुट्टीच्या दिवशी राबणारे कामगार कपाटातून एफ-८ नावाचा कृत्रिम माणूस बाहेर काढतात, त्याची टिंगल करतात, आणि तो जोक कळल्यासारखं ओढूनताणून हसतो. गायननला जी भीती वाटली होती ती अक्षरशः इथे घडलीय, एकतीस वर्षांनी. पुढे हे कृत्रिम लोक उलटतात, फेडरेशन त्यांच्यावर बंदी घालतं, रोम्युलन निर्वासितांना वाचवायचं कामही थांबवतं, पिकार्ड म्हणतो की तसं असेल तर राजीनामा देतो, आणि ते राजीनामा घेऊन टाकतात. जे जुनं नीट बघून पचवलंय त्यांनाच हे सुचेल.

माझा खरा राग आहे तो यानंतरच्या भागावर, आणि तिथे तुमचं-माझं जवळपास एकमत होईल. 'पिकार्ड'मधला आइकेब या तरुण अधिकाऱ्याचा डोळा उपटण्याचा सीन नुसता अंगावर येण्यासाठी होता, गोष्टीला त्याची काही गरज नव्हती. सेक्शन ३१ ही फेडरेशनची छुपी हेरसंघटना, 'डीप स्पेस नाइन'मध्ये ते लपवलेलं पाप होतं, 'डिस्कव्हरी'त ते काळे बिल्ले लावून उघड हिंडतं. पण सगळ्यात वाईट हे, की 'पिकार्ड'च्या पहिल्या सीझनच्या शेवटी ती बंदी उठते आणि ते आपल्याला एका वाक्यात कळतं! कोण बोललं, कोणी विरोध केला, कोणाचं मन वळलं, काहीच नाही. दहा एपिसोड हाताशी होते, लोकल चॅनेलची अडचण नव्हती, आणि जी सुनावणी बघायला आपण थांबलो होतो तीच वगळली. अंधार दाखवला म्हणून माझी तक्रार नाही, ऐकून घेण्याचा सीन गाळला म्हणून आहे.

म्हणूनच 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'चा २०२३ चा 'अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा पर अ‍ॅस्पेरा' मला इतका महत्त्वाचा वाटतो. जहाजावरची अधिकारी ऊना जन्मानं इलिरियन, जनुकीय बदल केलेल्या समाजातली, आणि फेडरेशनमध्ये त्यावर बंदी, म्हणून तिच्यावर खटला. वकील नीरा स्टारफ्लीटच्याच नियमावलीतून आश्रयाची तरतूद शोधून काढते आणि ऊना सुटते. पण बंदीचा कायदा तसाच राहतो, बाकीच्या इलिरियन लोकांना त्याचा काही उपयोग नाही, हेही तिथेच स्पष्ट सांगतात. फेडरेशन अर्धं ऐकतं. १९८९ सारखं पूर्ण नाही, पण १९९८ पेक्षा बरंच प्रामाणिक, आणि सगळी सुनावणी आपल्यासमोर होते. तो बघितला नसेल तर आधी तो बघा, आणि त्यातही तुम्हाला नुसता अंधारच दिसला तर परत लिहा, त्यावर भांडायला मला खरंच आवडेल.