पावलांचे पैसे नकोत, चालायला वेळ द्या

मध्यंतरी आमच्या ऑफिसात तीन महिन्यांचं स्टेप्स चॅलेंज झालं. मनगटावर बँड, मोबाइलवर अ‍ॅप, दर सोमवारी सगळ्यांच्या पावलांची यादी आणि पहिल्या दहा जणांना व्हाउचर. मी मनापासून चालले. लिफ्ट सोडली, फोन आला की उठून फेऱ्या मारल्या. चॅलेंज संपलं आणि पंधरा दिवसांत बँड ड्रॉवरमध्ये गेला. टीममधल्या जवळजवळ सगळ्यांचं तेच झालं.

आपलीच जिद्द कमी पडली असं वाटत होतं. मग सिंगापूरच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १३ संस्थांमधले ८०० कर्मचारी, चार गट. एका गटाला काहीच नाही, दुसऱ्याला नुसता पावलं मोजणारा फिटबिट, तिसऱ्याला फिटबिट आणि चालून मिळवलेली रक्कम दानाला, चौथ्याला तीच रक्कम रोख हातात. सहा महिने रोखवाले सगळ्यांत पुढे होते. पैसे बंद झाले आणि पुढच्या सहा महिन्यांत ती आघाडी पुसली गेली. वर्षअखेरीला ट्रॅकर वापरणारे दहातला एक उरले होते. वजनात, रक्तदाबात फरक पडलाच नव्हता.

मला जास्त काळजी वाटते ती अमेरिकेतल्या दुसऱ्या प्रयोगाची. तिथे २८१ कर्मचाऱ्यांना रोज ७,००० पावलांचं लक्ष्य होतं. एका गटाला लक्ष्य गाठलं की दिवसाला १.४० डॉलर मिळायचे. दुसऱ्याच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर जमा, आणि चुकलेल्या प्रत्येक दिवसाचे १.४० वजा. हिशोब तोच. तरी पहिल्या गटाने ३५ टक्के दिवस लक्ष्य गाठलं, दुसऱ्याने ४५ टक्के. मिळण्याच्या आनंदापेक्षा हातचं जाण्याची भीती माणसाला जास्त चालवते. प्रयोगात हे ठीक आहे. पण उद्या एखाद्या कंपनीने हेच बोनसला किंवा विम्याच्या हप्त्याला लावलं तर?

आमच्या यादीत एक सहकारी दर सोमवारी तळाशी असायचा. त्याचा गुडघा दुखतो, हे यादीत दिसत नव्हतं. नंतर नंतर तो चहालाही आमच्यात येईना. दुसरी एक जण घरी आजारी आईचं सगळं करते. दमून झोपते, पण पलंगाशेजारच्या त्या कष्टांची पावलं कितीशी होणार?

आणि रोजच्या १०,००० पावलांच्या ज्या आकड्यासाठी हे चाललंय, तो १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरच्या नावातून पसरला. ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. वयस्कर स्त्रियांवरच्या २०१९ च्या एका अभ्यासात मृत्यूचा धोका दिवसाला साधारण ७,५०० पावलांपर्यंत कमी होत गेला, त्यापुढे फारसा नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पाच दिवसांत वाटले तर रोजचा अर्धा तास. हा अर्धा तास कामाच्या वेळेतच द्या ना! कुणी चालेल, कुणी जिना चढेल, गुडघेदुखीवाला फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करेल. ते मोजायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, आणि मोजलंच तर तो आकडा साहेबांपर्यंत जाता कामा नये.

पुढच्या महिन्यात नवं चॅलेंज येतंय. मी एचआरला मेल लिहिलाय, टीममधल्या सहा जणांनी त्यावर नावं घातली आहेत. अर्ध्या तासाची मागणी दुसरी आहे. पहिली, सोमवारची यादी बंद करा.